छपरावरची सौरवीज गोव्यातील घरमालकाला खरोखर परवडते का?

धागाकर्ता, फोंडा

गेल्या वर्षी आम्ही गच्चीवर 3 किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. वर्ष पूर्ण झाल्यामुळे आता अंदाजाने नव्हे, तर मीटरवरील आकड्यांच्या आधारे बोलता येते. एकूण खर्च 2,05,000 रुपये आला. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे. ते 78,000 रुपये खात्यात जमा झाल्यावर पदरचे 1,27,000 रुपये गेले. वर्षभरात 3,900 युनिटे निर्माण झाली. घरात तीन पिढ्या, दोन एसी आणि विहिरीचा पंप असल्यामुळे आमचा वापर महिन्याला 600 युनिटांच्या घरात होता. दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे सौरविजेने वाचवली ती वरच्या, महागड्या टप्प्यांतील वीज. अधिभार धरून युनिटामागे सरासरी पाच रुपये वाचले, म्हणजे वर्षाला साडेएकोणीस हजार. साडेसहा वर्षांत पैसे वसूल होतील आणि पॅनेलची कार्यक्षमता-हमी 25 वर्षांची आहे. ज्याच्याकडे सावली नसलेली गच्ची आहे, त्याने आता थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

आपला हिशोब आपल्या घरापुरता बरोबर आहे, परंतु त्यावरून सर्वांना दिलेला सल्ला मला मान्य नाही. आम्ही दोघेच राहतो आणि आमचा वापर महिन्याला 150 युनिटे आहे. गोव्यात घरगुती विजेचा खालचा टप्पा शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बराच स्वस्त आहे, ही गोष्ट आपल्या मांडणीत कुठेच येत नाही. मला एका किलोवॅटसाठी 75,000 रुपये सांगण्यात आले, अनुदान वजा जाता 45,000. वर्षाला 1,300 युनिटे मिळाली आणि युनिटामागे सव्वादोन रुपये वाचले, तरी बचत तीन हजारांच्या आतच राहते. तेच 45,000 रुपये सात टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवले, तर 3,150 रुपये व्याज मिळते आणि मुद्दल शाबूत राहते. पंचवीस वर्षांनी पॅनेलचे मुद्दल कोण परत करणार? माझे वय पाहता हा प्रश्न मला टाळता येत नाही.

शिवाय आमचे घर मंगळुरी कौलांचे आहे, दक्षिणेच्या अंगाला चार माड आहेत आणि वीजजोडणी अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधील मालमत्ता-वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, पूर्ण झालेली नाही. एक दीर पोर्तुगालला आहेत. अर्जदाराच्या नावावर जोडणी नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. गोव्यातल्या किती जुन्या घरांची हीच स्थिती असेल, याचा विचार योजनेची जाहिरात करणाऱ्यांनी करायला हवा.

वीज-तंत्रज्ञ, पेडणे

शिक्षिकाबाईंच्या हिशोबात एक दुरुस्ती सुचवतो. ठेवीचे व्याज करपात्र उत्पन्नात धरले जाते. वाचलेल्या बिलावर कर नसतो. ज्यांना कर भरावा लागतो, त्यांनी तुलना करताना हा फरक धरावा.

मात्र माझी खरी काळजी वेगळी आहे. किनाऱ्याजवळच्या एका घरी मी दुरुस्तीला गेलो, तेव्हा पहिलाच पावसाळा उलटलेला होता. पॅनेल काचेसारखे स्वच्छ होते, पण सांगाड्याचे नटबोल्ट हाताला लागताच त्यांचे पापुद्रे निघत होते आणि खालच्या पांढऱ्या भिंतीवर गंजाचे ओघळ उतरले होते. ज्याने काम केले तो ठेकेदार फोन उचलत नव्हता. खाऱ्या हवेत सांगाडा चांगल्या जस्तलेपनाचा किंवा ॲल्युमिनियमचा आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत, हे करारात लिहून घ्या. दुसरे असे, की बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःच बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला उलट्या बाजूने झटका बसू नये. पावसात झावळी पडून तार तुटली की छपरावर पॅनेल असूनही घरात अंधारच राहतो, आणि हे ग्राहकाला आधी कोणी सांगत नाही.

गुंतवणूकदार, मडगाव

ज्यांच्याकडे गच्ची नाही, त्यांनी या क्षेत्रात पैसे गुंतवावेत, असे मी आजवर सांगत आलो. आता जरा जपून सांगतो. इरेडा या अक्षय ऊर्जा प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचा शेअर 2023 च्या नोव्हेंबरमध्ये 32 रुपयांना विक्रीस आला, 2024 च्या जुलैमध्ये 300 च्या पुढे गेला आणि आठ-नऊ महिन्यांत त्याच्या निम्म्याहून खाली उतरला. उन्हाची खात्री असते म्हणून शेअरच्या भावाचीही असते, असे नाही. केंद्र सरकारने 2023 च्या जानेवारीत पहिले हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढले, त्यांत दहा वर्षांच्या रोख्याचा दर 7.29 टक्के होता. एवढ्या परताव्यात समाधान मानणाऱ्याला शेअरच्या मागे धावण्याचे कारण नाही.

सोसायटीचे सचिव, पर्वरी

गच्ची नाही म्हणून शेअरच घ्यावे, हे मला पटत नाही. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप आणि आवारातील दिवे यांसाठी याच योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळते. आमच्या सभेत दोन वर्षे वाद चालला, कारण वरच्या मजल्यावरच्यांना गच्ची गळण्याची भीती वाटत होती. आधी गच्चीला वॉटरप्रूफिंग केले, मगच पॅनेल बसवले. तो खर्च कोणाच्याही हिशोबात दिसत नाही, पण तो धरावाच लागतो.

धागाकर्ता, फोंडा

शिक्षिकाबाई, सर्वांना सरसकट सल्ला देणे चुकले, हे मान्य करतो. ज्याचा वापर खालच्या टप्प्यातच संपतो, त्याने ठेव मोडून पॅनेल घेऊ नयेत. मात्र हा प्रश्न केवळ व्याजाचा आहे, असे मी मानत नाही. गोवा जवळजवळ सगळी वीज बाहेरून आणतो. ती आणणाऱ्या नव्या वाहिनीसाठी मोलेच्या जंगलावर कुऱ्हाड चालवायची की नाही, यावरून 2020 मध्ये आपलीच मुले रस्त्यावर उतरली होती.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

मोलेची तळमळ मलाही आहे. माझे विद्यार्थी त्यात होते. पण सूर्य मावळल्यावर आपले दोन एसी त्याच वाहिनीवर चालतात. बॅटरीचा खर्च धरून आपली साडेसहा वर्षे किती होतील, ते कृपया मांडावे. आणि पावसाळ्याचे आकडेही द्यावेत, नुसती वर्षाची बेरीज नको.

धागाकर्ता, फोंडा

बॅटरीचे दरपत्रक मागवले आहे. ते आले की अनुदान न धरता पूर्ण रक्कम इथे लिहीन. महिन्यांचे आकडे वहीत आहेत. एप्रिलमध्ये 410 युनिटे निर्माण झाली, जुलैमध्ये 190. उन्हाळ्यात मी दर रविवारी जुना पंचा भिजवून पॅनेल पुसत होतो. डिचोलीत लाल धुळीचा थर याहून लवकर बसेल, तेव्हा आपण बसवायचे ठरवलेच, तर गच्चीपर्यंत नळ आधी न्या.