फर्स्ट एसी आणि कुत्रा: कूपेची मेख

'रेल्वेत फर्स्ट एसीची दोन तिकिटं काढली की कुत्रा सोबत नेता येतो, कार भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त', असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्याकडे हवी, आणि काय वाट्याला येणार ते चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा आणि कूपेसाठी रेल्वेकडे आधीच लेखी अर्ज द्या. केबिन मिळाली आणि सहप्रवाशाने हरकत घेतली, तर कुत्र्याची रवानगी थेट गार्डच्या डब्यात. सेकंड, थर्ड एसी, स्लीपरचा तर विचारच नको.

कुत्र्याचं बुकिंग वेगळं, पार्सल ऑफिसात. रेबीज लसीची नोंद, डॉक्टरांचा ताजा फिटनेस दाखला आणि तिकिटाची प्रत घेऊन वेळेच्या बरंच आधी पोचा. पावती प्रवासभर हाताशी ठेवा.

डॉग बॉक्स, म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी, फर्स्ट एसीहून स्वस्त खरा, पण खाणंपाणी मालकानेच बघायचं. दोन मिनिटांच्या थांब्यात आपल्या डब्यातून शेवटच्या डब्यापर्यंत पाण्याचं भांडं घेऊन पळणं जमत नाही. एप्रिल-मेत पेटी तापते. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर त्यात घालूच नका.