लिंबाच्या वासाचा गांजा डोक्याला खरंच हलका असतो का?

पाचोळा (धागाकर्ता)

सुपर लेमन हेझ या गांजाच्या स्ट्रेनचं (वाणाचं) वर्णन कुठेही वाचा, सूर एकच असतो: सालीसकट पिळलेल्या लिंबाचा वास, डोकं तरतरीत, अंग जड होत नाही. नेदरलँड्सच्या ग्रीन हाउस सीड कंपनीने लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ यांच्या संकरातून हा वाण काढला. ॲमस्टरडॅमच्या कॅनाबिस कप या गांजाच्या स्पर्धेत तो २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं पहिला आला.

माझं मत असं की या वर्णनात तथ्य आहे आणि त्याचं मूळ वासात आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हे टर्पीन (वनस्पतींना वास देणाऱ्या संयुगांपैकी एक) गांजाच्या फुलातही असतं. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना टीएचसी (गांजातला नशा आणणारा मुख्य घटक) आणि लिमोनीनची वाफ वेगवेगळी आणि एकत्र दिली. ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर घबराट आणि संशयी विचार कमी झाले. मग लिंबाच्या वासाचा गांजा कमी घाबरवतो असं म्हणण्यात चूक काय?

कोरडवाहू

पूर्णपणे असहमत. ज्या प्रयोगाच्या जोरावर तुम्ही हे म्हणताय, त्याच्याच आकड्यांत तुमचं उत्तर आहे. ३० ला १५ म्हणजे टीएचसीच्या निम्मं लिमोनीन. फुलात असं प्रमाण कुठे मिळतं? २० टक्के टीएचसी असलेल्या फुलात लिमोनीन १ टक्का निघालं तरी ते भरपूर म्हणायचं. म्हणजे विसाला एक, बहुतेकदा त्याहूनही कमी. त्याच प्रयोगात लिमोनीनची मात्रा कमी होती तेव्हा घबराटीत ठाम म्हणावा असा फरक पडला नाही, आणि नुसत्या लिमोनीनचा परिणाम तर खोट्या औषधाइतकाच होता. वाफेतून मोजून दिलेल्या शुद्ध रसायनाचा निष्कर्ष तुम्ही फुलाच्या वासावर लादताय.

हे मी तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. 'लिंबाचा आहे, हलका असेल' या समजुतीने नवखा माणूस नेहमीपेक्षा जास्त ओढतो. पुढे छातीत धडधड, घाम, आता आपण मरतो की काय ही भीती. त्या वेळी वास कामाला येत नाही. किती टीएचसी पोटात किंवा फुप्फुसात गेलं, एवढंच ठरवतं.

आंबटचुका

दोघेही एक गोष्ट धरून चालला आहात, की लिंबाचा वास म्हणजे लिमोनीन. तसं नसतं. सुपर लेमन हेझच्याच अनेक नमुन्यांत सर्वात जास्त टर्पिनोलीन हे दुसरंच टर्पीन सापडतं, लिमोनीन मागे असतं. उलट लिमोनीन भरपूर असलेली कित्येक फुलं नाकाला इंधनासारखी किंवा मिरीसारखी लागतात. २०२३ मध्ये आलेल्या एका रासायनिक अभ्यासाने तर दाखवलं की काही स्ट्रेनच्या तीव्र सिट्रस वासामागे अत्यल्प प्रमाणातली गंधकयुक्त संयुगं असतात. टर्पीनचे आकडे जवळपास सारखे असूनही दोन फुलांचे वास वेगळे येतात ते त्यामुळे.

नावाचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या सहा राज्यांतले सुमारे ९०,००० नमुने तपासणारा अभ्यास २०२२ मध्ये आला. इंडिका, सटायव्हा, हायब्रिड ही गांजाचा प्रकार सांगणारी लेबलं आणि आतलं रसायन यांचा मेळ बसत नाही, असं त्यात निघालं. संत्र्याच्या वासासाठी ओळखला जाणारा टँजी हा वाण एका दुकानातून दुसऱ्या दुकानात बराच बदलत होता, पर्पल पंच हा वाण मात्र त्या मानाने सारखा निघाला.

पाचोळा

कोरडवाहू, प्रमाणाचा मुद्दा रास्त आहे, पण त्यातून वास निरुपयोगी ठरत नाही. २०२२ च्याच एका अभ्यासात लोकांना वेगवेगळी फुलं ओळख न सांगता वापरायला दिली होती. ज्याचा वास आवडला त्याचा अनुभवही लोकांना चांगला वाटला, टीएचसीच्या टक्केवारीवरून मात्र अंदाज बांधता आला नाही. नाक काहीतरी खरं सांगतं, एवढंच माझं म्हणणं.

कोरडवाहू

नाक आवड सांगतं. आवडणं वेगळं आणि घबराट न होणं वेगळं. ज्यांच्या घरात सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास आहे किंवा ज्यांना आधीपासून पॅनिकचा त्रास आहे, त्यांना 'आवडलेला' वासही धोक्यातून वाचवणार नाही. अशा माणसाने लिंबू-संत्रं शोधत बसण्यापेक्षा जास्त टीएचसीच्या मालापासून लांबच राहावं.

सांजवात

मी पाचोळा यांच्या बाजूची, पण कारण वेगळं. जिथे हे कायदेशीर आहे तिथेही ग्राहकाच्या हातात नाव आणि टीएचसीची टक्केवारी याशिवाय फारसं काही देत नाहीत. म्हणून विकणारे टक्केवारीच्या मागे लागतात, सगळी फुलं २५ आणि ३० कडे ढकलली जातात आणि वासाचे जुने, मवाळ वाण मागे पडतात. वास बघून घेणारा माणूस निदान या शर्यतीतून बाहेर पडतो. शिवाय जुनं, उघडं राहिलेलं फूल वासावरूनच कळतं: लिमोनीन उडून जातं, उरलेलं हवेने ऑक्सिडाइझ होतं आणि ताज्या सालीच्या जागी शिळा, वाळक्या गवतासारखा दर्प येतो. हे नाकाइतकं झटपट कोण सांगणार?

आंबटचुका

शिळेपणाबद्दल सहमत. पण मग 'लेमन' छापण्याऐवजी प्रयोगशाळेतला टर्पीनचा तक्ता आणि तपासणीची तारीख छापा. सहा महिन्यांपूर्वीचा लिमोनीनचा आकडा आजच्या डबीला लागू होत नाही.

कोरडवाहू

आणि एका झुरक्यात किंवा खायच्या एका तुकड्यात साधारण किती मिलिग्रॅम टीएचसी जाईल तेही, लिंबाच्या चित्रापेक्षा मोठ्या अक्षरांत.

पाचोळा

त्याला माझी हरकत नाही. तरी दोन डब्यांवर मिलिग्रॅम सारखे असतील तर मी लिंबाचा वास येणारीच उचलेन.