नारळ, सुंगटं आणि नळातला गाळ

"नारळात कोलेस्टेरॉल नसतंच, मग हुमणाला (नारळाच्या रसातल्या माशांच्या कालवणाला) कशाला दोष?" हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं अर्धंच खरं. कोलेस्टेरॉल कुठल्याही वनस्पतीत नावापुरतंच असतं. पण खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅट असतं. त्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, म्हणजे 'वाईट कोलेस्टेरॉल') कमी उचलतं आणि ते फिरत राहतं. उलट सुंगटांत (कोळंबीत) कोलेस्टेरॉल भरपूर, पण सॅच्युरेटेड फॅट अगदी थोडं. आमच्या शेजारचे काका सुंगटं सोडून बसलेत, आमटीतला नारळाचा रस मात्र दाटच लागतो त्यांना!

नळात गाळ साचावा तसं रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल साचतं, हेही पटत नाही. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. बीपी, मधुमेह, सिगारेट यांनी ते बिघडतं. एलडीएलचे कण त्याच्या खाली शिरून अडकतात, पांढऱ्या पेशी ते गिळायला येतात आणि चरबीने फुगून तिथेच मरतात. त्यातून बनलेली गाठ भिंतीच्या आत वाढते, म्हणून वाट बराच काळ मोकळीच दिसते. गाठ फुटली की वर रक्ताची गुठळी धरते आणि ॲटॅक येतो. त्यामुळे स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणखी एक सांगतो: घरात कुणाला कमी वयात ॲटॅक आला असेल, तर लिपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) एकदा तपासून घ्या. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये वेगळं दिसत नाही. माझ्या मावसभावाचं असंच सापडलं, बाकी रिपोर्ट चकाचक होता.