जुनी 3 सिरीज घ्यायचीय: साधी 330आय की लांबवाली 330एलआय? सल्ला हवाय

पाटण_मार्गे:
नमस्कार मंडळी, बीएमडब्ल्यू 3 सिरीज सेकंडहँड घ्यायचं जवळपास नक्की झालंय, बजेट 35 लाखांच्या आसपास, पेट्रोलच हवी. आता अडकलोय ते साधी 330आय घ्यावी की ग्रॅन लिमोझीन म्हणजे 330एलआय यावर. इंजिन दोन्हीत तेच 2 लिटरचं, 258 हॉर्सपॉवर, 400 एनएम टॉर्क (ओढायची ताकद), फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा, साधीचा 2851 मिमी आणि लांबवालीचा 2961, म्हणजे 110 मिमी जास्त. गाडी मीच चालवणार, ड्रायव्हर नाही. रोज कोथरूड ते हिंजवडी, आणि अधूनमधून उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गावी. मागे आईबाबा असतात, बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून हा सगळा विचार. घाटात चालवायची मजा जाईल का एवढीच धास्ती आहे, कारण गाडी घेतोय ती चालवायच्या हौसेनेच. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी प्लीज सांगा.

वळणवेडा:
स्वतः चालवणार असाल तर डोळे झाकून साधी घ्या. कागदावर 0 ते 100 च्या स्पीडला साधीला 5.8 आणि लांबवालीला 6.2 सेकंद, तो फरक सोडून द्या, रोज कळत पण नाही. कळतं ते सस्पेन्शन. लांबवाली मागच्या माणसाला आराम म्हणून मऊ ठेवलीय, त्यामुळे एकामागून एक वळणं आली की अंग जरा जास्त झुकतं. कुंभार्लीच्या वळणांत साधी जशी नाक वळवते ना, त्यासाठीच तर 3 सिरीज घेतात लोक. बीएमडब्ल्यूने पण 3 सिरीजमधली जास्त ताकदीची एम340आय साध्या व्हीलबेसवरच ठेवली, ती लांब केली नाही, यातच काय ते आलं.

मागची_सीट:
वळणवेडा दादा, तुमचं बरोबर आहे पण प्रश्न बाबांच्या गुडघ्यांचा आहे, तो कुणी बघणार की नाही? आमच्याकडे लांबवाली आहे आणि सासूबाईंचे गुडघे बदललेत, म्हणून मनापासून सांगते. आत बसल्यावर पाय पसरता येतात हे खरंय, पण त्यांना खरा फायदा झाला तो मागच्या दाराचा. वाढीव लांबी बरीचशी त्या दारातच गेलीय, त्यामुळे आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे हे त्यांना आपलं आपण जमतं, साध्या गाडीत पाय वाकडा करून घालावा लागायचा. आता दुसरी बाजू पण ऐका. सीट दोन्हीत सारखीच खाली आहे, गाडी लांब झाली म्हणून उंच होत नाही, उतरताना उठायला जोर लागतोच. पाठ मागे कलत नाही. आणि मागे मधे पायाशी मोठा उंचवटा आहे, तिसऱ्या माणसाचे हाल होतात. तिघं कायम मागे बसणार असतील तर 110 मिमीने काही भागत नाही.

चाकणकर:
गुडघे हाच मुद्दा असेल तर त्याच पैशात थोडी जुनी मर्सिडीज ई-क्लास का बघत नाही? भारतात 2017 पासून लांब व्हीलबेसचीच येते, आमच्या इथे चाकणलाच बनते, व्हीलबेस 3079 आणि मागची सीट कलते सुद्धा. ऐटीत बसायची गाडी आहे. पण पाच मीटरच्या वर जाते, सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) असेल तर आधी पॅलेट, म्हणजे गाडी उभी करायची प्लेट मोजा, नाहीतर गाडी दारात आणि जागा नाही असं व्हायचं.

पाटण_मार्गे:
ई-क्लास बघितली, छानच आहे, पण मला स्टिअरिंगला जीव असलेली गाडी हवी, त्यामुळे 3 वरच राहतो. @मागची_सीट ताई, दाराचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. स्पीडब्रेकरला लांबवालीचं पोट, म्हणजे खालची बाजू लागते का हो? पाटणच्या पुढे गावागावांत काय डोंगर घालून ठेवलेत माहितीये ना.

मागची_सीट:
पाच जण आणि सामान असेल तर तिरकी घालावीच लागते. दोन चाकांमधलं अंतर जास्त म्हटल्यावर उंची तीच असली तरी मधलं पोट आधी टेकणार. एरवी काही नाही. यू-टर्नला जागा जास्त लागते, त्याची सवय होते.

गॅरेजवाले_काका:
म्हणूनच जुनी घेताना लिफ्टवर चढवून पोट बघायचंच. खालची प्लास्टिकची कव्हरं फाटलेली, क्लिपा गायब असतील तर समजायचं की आधीच्या माणसाने ब्रेकरवर घासून काढलीय. पुढचा बंपर, बॉनेट, इंजिनचं सामान दोन्हीचं सारखंच, पण लांबवालीचं मागचं दार आणि काच वेगळी येते, ती ठोकलेली किंवा बदललेली आहे का ते नीट तपासा. आणि बाबांना घेऊन जा हो शोरूमला. ड्रायव्हर सीट तुमच्या उंचीला लावा, त्यांना मागे अर्धा तास बसू द्या आणि कुणी हात न देता चढू-उतरू द्या, दोन्ही गाड्यांत. साध्या गाडीत त्यांना जमलं तर साधी घ्या, तुम्ही चालवणारे आहात. नाही जमलं तर मग घाटातल्या वळणांचा विचार सोडा, लांबवाली घ्या.

पाटण_मार्गे:
काका, पटलं. रविवारी बाबांना घेऊन जातो. टायरचं काय बघू?

गॅरेजवाले_काका:
रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) असतील, चारही एकदम बदलायचे म्हटलं तर मोठा खर्च आहे. साईडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2021 सालचे मूळ टायर अजून असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.