जुना १२ इंची सबवूफर साडेसहा हजारांत: घ्यावा का?

चाकणवारी
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची पेट्रोल स्विफ्ट, स्टीरिओ कंपनीचाच. रोज कोथरूड ते चाकण. भजन लावलं की तबल्याची नुसती चाट ऐकू येते, डग्गा गायब. हडपसरला एक जण सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), बॉक्स आणि अँप (अँप्लिफायर) असं सगळं साडेसहा हजारांना देतोय. बॉक्सवर '१२०० वॅट'चा स्टिकर, अँपला १५-१५ अँपिअरचे दोन फ्यूज. रविवारी बघायला जातोय. काय तपासू?

मीटरवाले काका
१२०० वॅट ही स्टिकर छापणाऱ्याची हौस. फ्यूज बघा ना! ३० अँपिअर गुणिले गाडीचे १३.८ व्होल्ट, म्हणजे आत जाणारेच जेमतेम ४१४ वॅट. त्यातले निम्मे उष्णतेत जातात असं धरा. उरले २०० च्या आसपास. स्विफ्टला तेवढे भरपूर झाले, पण पैसे २०० वॅटचे द्या, १२०० चे नाही.

जाताना मल्टीमीटर न्या. नसेल तर तपकीर गल्लीत साधा घ्या, पुढेही लागणारच आहे. सबच्या वायरी अँपमधून काढून ओहम मोजा. ४ ओहमची कॉइल (सबच्या आतली तारेची गुंडाळी) ३.२ ते ३.८ च्या आसपास दाखवते. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ आलं तर जळून चिकटलेली. दोन कॉइलचा सब असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. विकणारे एकच चालू असलेला सबही बिनदिक्कत वाजवून दाखवतात.

मग दोन्ही हातांचे पंजे सबच्या कोनवर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर नमस्कार करून निघा. कडेची रिंग फोमची असेल तर बोटाने चाचपा, जुना फोम भुगा होतो. आणि नाक लावायला लाजू नका, जळक्या कॉइलचा वास लपत नाही.

डिक्कीत_सिलिंडर
माझ्या सीएनजी वॅगनारमध्ये १२ इंची बॉक्सला जागाच नाही, म्हणून सीटखाली बसणारा ८ इंची घेतला. अँप त्यातच असतो. घर हादरत नाही, पण डग्गा येतो. तुम्हाला सामानाची डिक्की लागत असेल तर विचार करा.

चाकणवारी
डिक्की रिकामीच असते. पण स्टीरिओला मागे अँपला सिग्नल देणारे आरसीएचे पिन नाहीत. आणि वायरिंगचा तयार किट स्वस्तात मिळतोय, तो चालेल?

मीटरवाले काका
अँपवर हाय लेव्हल इनपुट आहे का बघा. असेल तर मागच्या स्पीकरच्या वायरी थेट त्यात जातात. नसेल तर स्पीकरच्या वायरींचा सिग्नल आरसीएजोगा करणारा हाय-लो कन्व्हर्टर लावा.

किटचं मात्र ऐका. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं आणि जाड प्लॅस्टिकमुळे वायर उगाच भरदार दिसते. टोक सोलून चाकूने खरवडा, आत पांढरं निघालं की कळलं. अस्सल तांब्याची ८ गेज घ्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अँप वाचवायला नाही, वायर वाचवायला असतो. मध्येच कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झालं तर बॅटरी त्या वायरीत सगळी ताकद ओतते, आणि सीटखालचं कार्पेट पेट घ्यायला वेळ लागत नाही. बिनफ्यूजची गाडी मी हातात घेत नाही, मग राग आला तरी चालेल.

अँपची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला मागच्या सीटखाली ड्रिल मारू नका, खाली पेट्रोलची टाकी आहे! डिक्कीतला पत्र्यात पक्का बसलेला बोल्ट शोधा, रंग खरवडा, मग घट्ट करा. अर्थिंग ढिलं राहिलं की इंजिनाच्या वेगाबरोबर स्पीकरमध्ये शिट्टी वाढत जाते. नाना पेठेत बसवलंत तरी हे उभं राहून बघा.

पेठेतला शांतताप्रेमी
अँपवरचं गेनचं बटण (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, एवढं कोणीतरी सांगा. आमच्या सोसायटीत एकाने ते फुल केलंय. गाणं दूर, नंबरप्लेटच वाजते.

मीटरवाले काका
बरोबर. चाकणवारी, बास बूस्ट शून्यावर, लो पास (सबला फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. सब काढून ठेवा. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, स्टीरिओ तीन चतुर्थांश आवाजावर. अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजत गेन हळूहळू वाढवा. ४ ओहमला २०० वॅट म्हणजे २८ व्होल्ट. तिथे थांबा. आणि नंबरप्लेटमागे फोमची पट्टी चिकटवा.

चाकणवारी
मीटर घेतला. विकणाऱ्याला म्हटलं मोजून घेणार, तर लगेच पाच हजारांवर आला.

मीटरवाले काका
आता तर नक्कीच मोजा.