बोल्ट अ‍ॅक्शनवाली सवय सेमी-ऑटोत चालत नाहीये, काडतुसं अडकतात

पितळवेडा
मंडळी जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. .३०८ च्या बोल्ट अ‍ॅक्शनसाठी मी बरीच वर्षं स्वतःच काडतुसं भरतोय, नेक साईझ करायचं (उडालेल्या पितळी केसचं फक्त बुलेट धरणारं तोंड, म्हणजे नेक, दाबून परत मापात आणायचं), बुलेट निवांत बसवायची, कधी तक्रार नाही. आता एआर-१५ पद्धतीची .२२३ सेमी-ऑटो घेतली आणि तीच पद्धत लावली. केस रेंजवर गोळा केलेल्या, त्यात काही मिलिटरीच्या पण आहेत, एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावायला हवी म्हणून २.२६० इंचाच्या आत ठेवली.

तर आता दर मॅगझिनला एखादं तरी काडतूस असं निघतं की बोल्ट पूर्ण बंदच होत नाही, थोडासा राहतो आणि ट्रिगर दाबला तर काही नाही. फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट पुढे ढकलायचं बटण) दोन ठोके दिले की बसतं. न उडवता बाहेर काढलेल्या काडतुसांच्या प्रायमरवर (तळातली पेटवणारी टिकली) बारीक खड्डा दिसतोय, आणि त्यातल्या काहींची लांबी मोजली तर भरली तेव्हापेक्षा कमी भरली, म्हणजे बुलेट आत सरकतेय का? प्रश्न असे की फुल लेंग्थ डाय (पूर्ण केस दाबणारा साचा) घ्यायची की स्मॉल बेस (तळाकडे जास्त दाबणारी), क्रिंप करायचा (केसचं तोंड बुलेटवर आवळायचं) की नाही, आणि तो खड्डा नॉर्मल आहे का.

चौथा_क्लिक
बाकीचं नंतर, आधी ते ठोकणं बंद करा. जे काडतूस स्प्रिंगच्या जोराने आत जात नाही ते चेंबरमध्ये (नळीच्या मागची काडतुसाची जागा) मावत नाहीये, एवढा साधा अर्थ. ठोकून बसवलंत आणि ते अर्ध्यात रुतलं तर जिवंत काडतूस अडकलेली रायफल हातात राहील. तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन काढायचं, हँडल ओढून काडतूस बाहेर. सहज येत नसेल तर गनस्मिथ.

आणि सेमी-ऑटोसाठी नेक साईझिंग विसरा.

जुनी_प्रेस
वरच्यांशी सहमत, पण कारण कळलं नाही तर उद्या दुसरीकडे तेच होणार म्हणून सविस्तर लिहितो.

बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये हँडल खाली पाडताना तुमचा हात काम करतो, बोल्टचे लग (कुलपासारखे अडकणारे दात) चढणीवरून फिरतात आणि थोडी जाड केस सुद्धा दाबून आत बसते, तुम्हाला फक्त हाताला जरा घट्ट लागतं. सेमी-ऑटोत तो हात नाही. मागची स्प्रिंग जेवढा जोर देईल तेवढाच, आणि त्यातलाही बराचसा मॅगझिनमधून काडतूस उपसण्यात जातो. शिवाय तुमच्या .३०८ च्या केस तुमच्याच रायफलीत उडालेल्या होत्या, त्यामुळे त्या चेंबरच्या मापाच्याच होत्या. रेंजवर उचललेली केस कुणाच्या कसल्या सैल चेंबरमध्ये फुगलीये कुणास ठाऊक, नेक साईझ केल्याने तिचं अंग आणि खांदा तसाच राहतो. मग अडकणारच.

फुल लेंग्थ डाय लावा, पण "डाय शेलहोल्डरला (प्रेसवर केसचा तळ धरणारा तुकडा) टेकवा आणि वर पाव फेरा" असं डोळे झाकून करू नका. कॅलिपरला लावायचं हेडस्पेस कंपॅरेटर मिळतं ते घ्या. तुमच्या रायफलीत उडालेली केस घ्या, जुना प्रायमर काढून टाका (तो वर आला असेल तर माप चुकतं), खांद्यापर्यंतचं माप घ्या, मग साईझ केलेल्या केसचं घ्या. बोल्ट अ‍ॅक्शनला खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे ढकलला तरी पुरतं, सेमी-ऑटोला ०.००३ ते ०.००५ ठेवतात. यापेक्षा जास्त ढकललंत तर काडतूस मस्त बसेल, पण दर फायरला केस पुढे ताणली जाईल आणि तळाच्या वर पातळ होत होत एक दिवस दोन तुकडे. पुढचा तुकडा चेंबरमध्येच.

साईझ केल्यावर केस लांबते, पितळ पुढे सरकतं. .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम १.७५० ला करा. हे कंटाळवाणं काम आहे, मला पण कंटाळा येतो, पण तोंड लांब राहिलं तर ते चेंबरच्या टोकाला जाऊन बुलेटवर आवळलं जातं, बुलेट सुटायला जागा नाही आणि प्रेशर एकदम वर. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून हे जास्त वाईट.

आता खड्डा. एआर मध्ये फायरिंग पिन मोकळी तरंगते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नसते. बोल्ट धाडकन बंद झाला की पिन स्वतःच्या वजनाने पुढे येऊन प्रायमरला टोचते. एम१ गॅरँड आणि एम१४ मध्ये पण तसंच. त्यामुळे बारीक टिंब नॉर्मल. पण प्रायमर वर राहिला असेल किंवा मऊ कपाचा असेल तर ट्रिगर न दाबता काडतूस उडू शकतं, यालाच स्लॅमफायर म्हणतात. बोल्ट पूर्ण लॉक व्हायच्या आधी झालं तर रायफल फाटते. म्हणून प्रायमर केसच्या तळापेक्षा किंचित आत हवा, प्रत्येकावरून बोट फिरवा, बोटाला उंचवटा लागला की ते काडतूस बाजूला. कडक कपाचे मिलिटरी पद्धतीचे प्रायमर मिळतात, सीसीआय ४१ वगैरे, ते वापरा. आणि चेंबरमध्ये हाताने एक काडतूस टाकून वरून बोल्ट सोडायचा नाही, मॅगझिनमधूनच भरायचं, काडतूस उपसताना बोल्टचा वेग थोडा मरतो.

घोडा_वर
काकांनी सगळं सांगितलं पण स्मॉल बेस डायचं राहिलं. माझं मत, सेमी-ऑटो म्हणजे स्मॉल बेसच, विषय संपला. केसचा तळाकडचा भाग साधी डाय पुरता दाबत नाही, रेंजवरचं पितळ असेल तर नक्कीच नाही.

जुनी_प्रेस
विषय संपला कसा? साधी फुल लेंग्थ डाय नीट सेट केली तर बहुतेक रायफलींना पुरते. स्मॉल बेस दरवेळी पितळ जास्त दाबते, जास्त लुब लागतं, आणि लुब कमी पडलं की केस डायमध्ये अशी रुतते की ड्रिल आणि टॅप घेऊन बसावं लागतं. आधी साधी डाय, मग केस गेज (चेंबरच्या मापाचं भोक असलेला ठोकळा, काडतूस त्यात टाकून बघायचं). तरी अडलं तरच स्मॉल बेस. मॅच चेंबर (स्पर्धेच्या रायफलीचं) घट्ट असतं, तिथे लागते हे मान्य.

घोडा_वर
ठीक, पण ज्याच्याकडे कुठकुठचं मिसळलेलं पितळ आहे त्याला पहिल्या वेळेला तरी स्मॉल बेस मारून घेऊ दे, नंतर त्याच्याच चेंबरचं झालं की साधी. एवढ्यावर तोडगा?

जुनी_प्रेस
चालेल.

राखाडी_टंबलर
पितळाबद्दल थोडं. मिलिटरी केसमध्ये प्रायमर क्रिंप केलेला असतो, जुना काढल्यावर पॉकेटच्या कडेला ती दाबलेली किनार राहते. ती स्वेज (दाबून सपाट) किंवा रीम (कापून साफ) न करता नवा प्रायमर दाबलात की तो एक तर चेपतो नाही तर वर राहतो, आणि वर राहिला की मग तेच वरचं स्लॅमफायर प्रकरण. तेव्हा तुमच्या दोन तक्रारी एकाच पिशवीतल्या असू शकतात. केसच्या आत टॉर्च मारून बघा, मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर, बाजूला दोन असतील तर बर्डन, त्यात डीकॅपिंग पिन घातली की पिन तुटते. बर्डन सरळ भंगारात.

दुसरं, .३०० ब्लॅकआउट वाले लोक .२२३ च्याच केस कापून आपल्या केस बनवतात, तळ तोच, मॅगझिन तेच. उचललेल्या ढिगात एखादी आखूड, रुंद तोंडाची केस दिसली तर ती. दोन्ही कॅलिबर भरणाऱ्यांनी तर एका वेळी टेबलावर एकच ठेवावं, कारण भरलेलं ब्लॅकआउट .२२३ च्या रायफलीत कधी कधी चेंबर होतं आणि मग .३०८ इंच जाडीची बुलेट .२२४ इंचाच्या नळीत जायला बघते. त्या रायफलींचे फोटो पाहिलेत, बोल्टचे तुकडे झालेले असतात.

केस वापरायच्या आधी पेपरक्लिप सरळ करून टोकाला आकडा वाकवा आणि आतून तळापासून वर ओढा. तळाच्या थोडं वर खाच लागली की केस बाद. बाहेरून तिथेच चकचकीत रिंग दिसते, पण क्लिपला ती दिसायच्या आधीच कळतं.

आणि टंबलरची (केस घासून साफ करणारं यंत्र) चाळण घराबाहेर करा. त्या धुळीत प्रायमरचं शिसं असतं. हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही.

नऊशे_मीटर
लांबी कमी होण्याबद्दल कुणीच बोललं नाही. हो, बुलेट आत सरकतेय, फीड रॅम्पला धडकून. केसमधली जागा कमी होते आणि प्रेशर चढतं, म्हणून हे किरकोळ समजू नका. उलटंही होतं बरं का, नेक सैल असेल तर बोल्ट थांबताच जड बुलेट झोकाने पुढे येते. टेस्ट अशी: काडतुसांवर मार्करने नंबर टाकून लांबी लिहा, रेंजवर तोंड टार्गेटकडे ठेवून मॅगझिनमधून एकेक चेंबर करा, न उडवता काढा, परत मोजा. एकदा चेंबर करून काढलेलं काडतूस त्यानंतर वापरू नका.

उपाय म्हणजे आधी नेक टेन्शन, म्हणजे नेकची बुलेटवरची पकड. क्रिंप हा त्यावरचा इलाज नाही, नेक सैल असेल तर क्रिंप काही वाचवत नाही. एक्सपांडर बॉलचं (डायमधली नेक आतून मापात उघडणारी गोळी) माप बघा, बुलेटच्या व्यासापेक्षा ०.००२-०.००३ इंच कमी हवं. बुलेटला खाच असेल तर त्यात हलका क्रिंप द्या. खाच नसलेल्या मॅच बुलेटवर मी देत नाही, देणारे देतात, पण जोरात दिलात तर बुलेटचं जॅकेट चेपतं आणि ग्रुप पसरतो.

जुनी_प्रेस
पावडरचं पण बोलूया का? लोक वेगाच्या मागे लागतात. बोल्ट अ‍ॅक्शनला फक्त चेंबरचं प्रेशर बघावं लागतं, गॅसवाल्या रायफलीत (नळीतल्या भोकातून थोडा गॅस घेऊन त्यावर बोल्ट चालवणाऱ्या) बुलेट त्या भोकापाशी पोचते तेव्हा तिथे किती प्रेशर उरलंय तेही महत्त्वाचं. सगळ्यात चांगलं उदाहरण गॅरँड. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्यात आली, .३०-०६ ची, गॅसचं भोक पार नळीच्या तोंडाजवळ आणि तिथून बोल्टपर्यंत एक लांबलचक वाकडी ऑपरेटिंग रॉड. तिच्यासाठी लोक १५० ग्रेनच्या (वजनाचं माप) आसपासची बुलेट आणि ४८९५ सारखी मध्यम वेगाने जळणारी पावडर धरून चालतात. तिच्यात हळू जळणारी पावडर आणि जड बुलेट घातली की चेंबरचं प्रेशर मॅन्युअलच्या हद्दीत असतं, पण भोकापाशी जास्त, आणि रॉड वाकते. म्हणून .३०-०६ चा बोल्ट अ‍ॅक्शनचा आवडता लोड गॅरँडमध्ये घालायचा नाही. एआर इतकी नाजूक नाही, पण जास्त गॅस मिळाला की बोल्ट लवकर उघडतो, केस अजून चेंबरला चिकटलेली असते आणि एक्स्ट्रॅक्टर तिची कड ओरबाडतो. उडालेल्या केसच्या कडा बघत जा.

पितळवेडा
अरे वा, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. गेज आणलं. भरलेल्या काडतुसांतली बरीच गेजच्या कडेच्या वर उभी राहतात, आणि जी अडकली होती ती सगळी त्यातलीच. मिलिटरीच्या केसांचे दोन प्रायमर पण बोटाला वर लागले. आता दोन गोष्टी. एक, कुणीतरी किती ग्रेन पावडर घालायची ते सांगा म्हणजे नव्याने सुरू करतो. दुसरं, जी भरून ठेवलीत त्यांचं काय करू, डबाभर आहेत.

चौथा_क्लिक
ग्रेनचा आकडा इथे कुणाकडूनही घेऊ नका, माझ्याकडून पण नाही. पावडर बनवणाऱ्याचं किंवा बुलेट बनवणाऱ्याचं ताजं मॅन्युअल उघडा, तीच बुलेट, तीच पावडर, सुरुवातीचा आकडा, तिथून थोडं थोडं वर. तुमच्या नळीवर .२२३ लिहिलंय की ५.५६ (जवळपास त्याच काडतुसाचा मिलिटरी अवतार) ते आधी बघा. ५.५६ च्या चेंबरमध्ये रायफलिंगच्या आधी मोकळी जागा जास्त असते, त्यामुळे ५.५६ चा लोड .२२३ च्या चेंबरमध्ये गरम पडतो. मिलिटरी केस वेगळ्या काढा, त्यांची आतली जागा वेगळी असू शकते. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा.

राखाडी_टंबलर
डबाभर आहेत ती सगळी उघडा, गेजमध्ये बसणारी सुद्धा, कारण नेक टेन्शनचं तुम्हाला अजून माहीत नाही. कोलेट पुलर (प्रेसवर लावून बुलेट पकडून उपटणारं साधन) घ्या, हातोडीवाल्याने डबाभर काढायचं म्हणजे खांदा जाईल. पावडर कुठल्या डब्यातली ते खात्रीने माहीत असेल तरच परत वापरा, जरा शंका आली तरी फेका. प्रायमर नीट खाली बसलेले असतील त्या केस प्रायमर न काढताच साईझ करता येतात, डायमधली डीकॅपिंग पिन काढायची आणि एक्सपांडर ठेवायचा. चष्मा घालून आणि हळू. ज्या दोन केसांचे प्रायमर वर आहेत ते प्रेसवर परत दाबायला जाऊ नका, ते जिवंत आहेत, त्या केस बाजूला काढून ठेवा.

पितळवेडा
पिन काढून साईझ करता येतं हे डोक्यातच आलं नव्हतं. कोलेट पुलर मागवतो आणि ट्रिमर पण, शनिवारी बसतो.