रोहूच्या जबड्याची हाडं पहिल्यांदा कुणाला आली?

प्रश्न: रविवारी उजनीचा रोहू आणला. डोकं उकळून हाडं सुटी केली आणि लेकीपुढे वर्तमानपत्रावर मांडली. वरच्या जबड्याच्या कडेला दोन हाडं, खाली एक. तोंडात दात नाहीत, ते घशात! लेक म्हणाली, "आई, ही हाडं पहिल्यांदा कुणाला आली?" मला सांगता येईना. आणि आपल्या सोलापूरच्या काळ्या दगडात असे मासे मिळतील का?

उत्तर १: ताई, लेकीला एंटेलोग्नॅथस या जीवाश्म माशाची गोष्ट सांगा. चीनच्या युन्नान प्रांतातला, सुमारे 41.9 कोटी वर्षांपूर्वीचा. 2013 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. अंगावर चिलखती माशांसारख्या जाड हाडांच्या पाट्या, पण जबड्याच्या कडेला नेमकी तुम्ही मांडलीत तीच हाडं! आधी समजूत अशी की सगळ्या जबडेवाल्या प्राण्यांचा मूळपुरुष शार्कसारखा, कूर्चेच्या म्हणजे मऊ, लवचीक हाडांच्या सांगाड्याचा असावा. या कवटीनं ते उलटलं. हाडांचा जबडा जुना. शार्कच्या पूर्वजांनी तो गमावला. आपल्याही तोंडात त्याच हाडांचा वारसा आहे.

उत्तर २: काळा दगड म्हणजे लाव्हा, जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा. त्यात मासे कुठले. मात्र चंद्रपूरकडे लाव्ह्याखालच्या गाळाच्या खडकात माशांचे जीवाश्म सापडलेत.

प्रश्नकर्ती: दादा, सर, आभार. हाडं धुऊन काड्यापेटीत ठेवलीत. पुढच्या रविवारी मरळ आणते, तिला दात असतात.